जो ओरडतो, तो थांबतो!

कॅज्युअल्टीतली सिस्टर कोणाला आधी घेते, कोणाला ‘बसा जरा’ म्हणते, आणि का?

“ओ सिस्टर, आम्ही कधीचे बसलोय, अन् आत्ता आलेल्याला आधी काहून?”

सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत हा सवाल रोज होतो. हिंगोलीत होतो, वसमतला होतो, मुंबईतही होतो. पिठाच्या गिरणीत जो डबा आधी लागला तो आधी दळला जातो. इथं तसं नसतं. इथली रांग धोक्याची असते आणि ती टेबलाजवळची सिस्टर किंवा ब्रदर मिनिटभरात लावतात. या कामाला ट्रायज म्हणतात.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाखांच्या आसपास लोक. सोयाबीन, कापूस, हळद. उन्हाळ्यात डोकं फिरवणारं ऊन, वळवाच्या विजा, पावसाळ्यात साप, पिकावर फवारणी. असं सगळं अंगावर घेऊन पेशंट दारात येतात तेव्हा सिस्टर काय बघते, त्याच्या या गमतीदार गोष्टी.

साहेबांना फोन लावू का?

युरोपातल्या युद्धांत पूर्वी जखमी अधिकाऱ्यांकडे आधी बघितलं जाई. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन दॉमिनिक झां लारे यानं ते मोडलं. हुद्दा विचारायचा नाही, जखम बघायची. शिपाई जास्त जखमी असेल तर कर्नल थांबेल. “मी अमक्याचा माणूस, फोन लावून देऊ का?” असं म्हणणाऱ्याला सिस्टर आज जे शांतपणे बाकड्याकडे बोट दाखवते, त्याला दोनशे वर्षांचा आधार आहे.

तपासणी दारातच सुरू

केसपेपर निघायच्या आधी सिस्टरची पहिली फेरी झालेली असते. पेशंट चालत आला की उचलून आणला? ओठ निळे की गुलाबी? कपाळावर घाम आहे का? मग एकच प्रश्न: “बाबा, काय होतंय?” बाबांनी “काल रातीपासून पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली” असं सलग सांगितलं की श्वासाची वाट मोकळी, दम पुरेसा आणि शुद्ध जाग्यावर, एवढं एका वाक्यात कळतं. बाबा दोन शब्दांनंतर थांबून श्वास घेत असतील तर मात्र पुढचे प्रश्न ऑक्सिजन लावल्यावर.

हात नाडीवर, नजर छातीवर

“तुमचा श्वास मोजते हं,” असं सांगितलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून सिस्टर सांगतच नाही. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावर तशीच ठेवते आणि नजर छातीवर नेते. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. तो ३० च्या पुढे गेला की बाकी आकडे कितीही गोड असोत, पेशंट आत.

रडणारं लेकरू बरं

दोन लेकरं आली. एक भोकाड पसरतंय, दुसरं आईच्या खांद्यावर गप्प पडलंय. सिस्टर गप्प असलेल्याकडे आधी वळते. रडायला दम लागतो, आणि तो त्याच्यात उरलेला नसेल तर गडबड आहे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ कशासाठीही आलं तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमात त्याला रांगेत पुढचा नंबर असतो. “लेकराचं पोट उडतंय,” असं आई म्हणते तेव्हा घड्याळ लावून श्वास मोजतात: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०. आकडा तिथं पोचला की श्वास जलद धरतात.

नाडीनं बीपीला गाठलं की पळा

तरुण माणसाचं बीपी मोठं लबाड. अंगातलं जवळजवळ ३० टक्के रक्त जाईपर्यंत ते ‘नॉर्मल’ दिसू शकतं. म्हणून नुसत्या बीपीवर भागत नाही. सोबत नाडी बघतात. तब्येत ठीक असताना नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याहून बराच खाली असतो, म्हणजे ८० नाडी, १२० बीपी. नाडी ११० आणि बीपी १०० झालं, तर आत कुठंतरी रक्त जात असल्याचा संशय घ्यायचा. नाडीला बीपीच्या वरच्या आकड्यानं भागलं की जो आकडा येतो, त्याला शॉक इंडेक्स म्हणतात; तो १९६७ मध्ये मांडला गेला. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात तर तो ०.९ च्या पुढे गेला की धावपळ सुरू.

या परीक्षेत शून्य मिळत नाही

डोक्याला मार लागलेल्याची शुद्ध मोजायची ग्लासगो पट्टी १९७४ ची, ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांची. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल, या तिन्हींना मिळून गुण १५. कमीत कमी गुण मात्र ३, कारण प्रत्येक विषयात काहीच न करणाऱ्यालाही एक गुण मिळतो. गर्दीत एवढं करायला वेळ नसेल तर चार पायऱ्या पुरतात: जागा आहे? हाकेला ओ देतो? चिमटा काढला तर हलतो? की काहीच नाही?

“प्यायलाय, झोपू द्या” हे चालत नाही

रात्री गाडीवरून पडलेला, तोंडाला वास येणारा माणूस घोरत पडला की सोबतचे म्हणतात, उतरली की उठेल. सिस्टरला हेच वाक्य सगळ्यांत धोक्याचं वाटतं. दारूच्या वासाखाली मेंदूतला रक्तस्राव लपतो. रक्तातली साखर घसरलेला माणूसही अगदी प्यायल्यासारखाच बरळतो, झोकांड्या खातो. म्हणून बोटाला सुई टोचून साखर बघायची. अर्ध्या मिनिटाच्या आत आकडा येतो, आणि साखर कमी निघाली तर ग्लुकोज दिल्यावर थोड्याच वेळात माणूस उठून बसतो.

बोटावरचा चिमटाही फसतो

कोरोनात घरोघरी पोचलेल्या पल्स ऑक्सिमीटरमागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी लावलेल्या बोटावर तो चुकू शकतो, म्हणून सिस्टर बोट बदलून बघते. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या बाबतीत तर तो सपशेल फसवतो. शेगडीचा विषारी वायू रक्ताला चिकटला तरी यंत्र ९८-९९ दाखवत राहतं. एकाच घरातले दोघं-तिघं डोकं दुखतंय म्हणून आले की आकडा बाजूला ठेवून आधी ऑक्सिजन लावायचा.

“पित्तच असंल”

छातीत दुखतंय म्हटलं की पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढायचा, हा जगभरचा दंडक. गोची अशी की हृदयविकाराचा झटका नेहमी छातीवर हात धरून येत नाही. बायकांना, मधुमेह असलेल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना कधी नुसता घाम फुटतो, जबडा नाहीतर पाठ दुखते, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. घरचे पित्ताची गोळी देऊन मोकळे होतात. साठीची आजी “काही नाही गं माय, जरा अस्वस्थ वाटतंय” म्हणाली आणि तिच्या अंगाला गार घाम असला, की सिस्टर आधी ईसीजीचं मशीन ओढते.

“शेवटचं धड कधी होते?”

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं. लकवा. अशा वेळी सिस्टर खोदून विचारते, “हे शेवटचं धड कधी दिसले?” सकाळी सहाला उठल्यावर तोंड वाकडं दिसलं, पण रात्री दहाला झोपताना ठीक होते, तर घड्याळ रात्री दहापासून धरतात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून हा हिशेब. त्या आधी सीटी स्कॅन हवा. त्यासाठी मोठ्या दवाखान्यात जावं लागत असेल, तर घरातून निघायला झालेला उशीर थेट या साडेचार तासांतून कापला जातो.

सापाची तऱ्हा न्यारी

पावसाळ्यात कॅज्युअल्टीचा हा मानाचा विषय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मोठे विषारी. त्यातली मण्यार सगळ्यांत धूर्त. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही, कधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, आणि घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. जाणती सिस्टर पावसाळ्यातल्या अशा पहाटेच्या पोटदुखीला दोन प्रश्न हमखास विचारते: “खाली झोपला होतात का?” आणि “पापण्या जड झाल्यात का?” मग वर बघायला लावते. पापण्या आपोआप मिटायला लागल्या की विष मज्जातंतूंवर गेलंय. एका दमात आकडे मोजायला सांगणं ही आणखी एक युक्ती. मघाशी वीसपर्यंत जाणारा माणूस आता दहालाच थांबला तर श्वासाचे स्नायू थकत चाललेत.

घोणस आणि फुरसं रक्ताचं गोठणं बिघडवतात. त्याची परीक्षा फुकटात होते. दोन मिलीलिटर रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरपं करायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष सुरू. नळी काचेचीच हवी, कारण प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही. ती साबणानं धुतलेलीही चालत नाही. निकाल खोटा येतो.

आणखी दोन गमती. प्रतिविषाची पहिली मात्रा साधारण १० बाटल्यांची, आणि ती मोठ्या माणसाला तेवढीच नि पाच वर्षांच्या पोरालाही तेवढीच. सापानं विष सोडताना वय बघितलेलं नसतं! आणि साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष चौघांवर मिळून एकच आहे, आणि मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं.

विंचू आणि मराठवाड्याचा डॉक्टर

लाल विंचू चावल्यावर जो बोंबलतोय तो बहुधा ठीक असतो. काळजी त्याची, ज्याचं दुखणं थोडकं पण हातपाय गार, अंगाला दरदरून घाम आणि छातीत धडधड आहे. तिथं विष हृदयावर गेलेलं असतं. या पेशंटला प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वाचवते, हे जगाला दाखवलं डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी. ते मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, काम केलं रायगडातल्या महाडला. त्यांचं विंचूदंशावरचं लेखन १९८२ पासून ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आधी कपडे, मग सलाईन

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून या भागात फवारणीचा पेशंट कोणी हलक्यात घेत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, अंगाला घाम ही त्याची ओळख. औषध कातडीतूनही आत जातं, त्यामुळे भिजलेला सदरा अंगावर असेपर्यंत विष चालूच राहतं. म्हणून हातमोजे घालून आधी कपडे उतरवायचे आणि साबणपाण्यानं अंग धुवायचं. डब्याचं लेबल मात्र सोबत आणा. साप नको, पण हे हवं.

ऊन कोणाला लागलं?

एप्रिल-मेमध्ये शेतातून आलेल्या दोघांत पायात गोळे आलेला विव्हळतो, दुसरा असंबद्ध बोलतो. पहिल्याला ओआरएस आणि सावली पुरते. दुसऱ्याचं अंग ४० अंश सेल्सियसच्या पुढे असेल तर तो उष्माघात. त्याला तपासत बसण्याआधी पाणी आणि पंख्यानं गार करायला घेतात.

वीज पडली की नियम उलटा

मोठ्या दुर्घटनेत मदतीला माणसं थोडी नि जखमी फार असतील, तर ज्याचा श्वास थांबलाय त्याच्यावर वेळ घालवायचा नाही, असा कठोर नियम आहे. वीज हा त्याला अपवाद. झाडाखाली थांबलेल्या चौघांवर वीज पडली, तर निपचित पडलेल्याकडे आधी जायचं. विजेच्या धक्क्यानं हृदय थांबतं, ते पुष्कळदा आपलं आपण पुन्हा सुरूही होतं. श्वासाचं केंद्र मात्र जास्त वेळ बधिर राहतं. तेवढ्या वेळात छाती दाबून आणि श्वास देऊन कोणी टिकवलं तर माणूस परत येतो. जे कण्हतायत ते बहुधा वाचतात. आणि विजेनं पडलेल्याला हात लावला तर आपल्याला झटका बसतो, हे खोटं. अंगात वीज साठून राहत नाही. वीज पडायच्या आधीच सावध व्हायचं तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आहेच.

आधी येतात ते कमी जखमी

२०२४ मध्ये मार्च आणि जुलैत कळमनुरी तालुक्याच्या भागात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले आणि हिंगोलीकर घराबाहेर धावले. मराठवाड्याला ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप विसरता येत नाही. अशा वेळी दवाखान्यात पहिली गर्दी होते ती स्वतःच्या पायानं आलेल्यांची. ढिगाऱ्याखालून काढलेले नंतर पोचतात. खाटा आधीच भरून बसल्या तर पंचाईत! म्हणून हाक दिली जाते, “ज्यांना चालता येतं त्यांनी त्या बाजूला व्हा.” एवढ्यानं किरकोळ जखमींचा हिरवा गट वेगळा निघतो. उरलेल्यांसाठी कॅलिफोर्नियातली १९८३ ची पद्धत आहे: श्वास ३० च्या पुढे? नख दाबून सोडल्यावर रंग यायला २ सेकंदांपेक्षा जास्त? “हात वर करा” म्हटलं तर कळत नाही? तिन्हींतलं एक जरी उत्तर ‘हो’ आलं तरी लाल, म्हणजे लगेच आत.

कुठं पाच रंग, कुठं तीन

इंग्लंडच्या मँचेस्टर पद्धतीत पाच रंग: लाल लगेच, नारिंगी १० मिनिटांत, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. म्हणजे निळ्याला चार तासही बसावं लागू शकतं, तेही नियमानुसार! दिल्लीच्या एम्सनं आपल्याकडची गर्दी ओळखून तिनावर भागवलं: लाल, पिवळा, हिरवा. जिल्हा रुग्णालयांसाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय मानकांतही ट्रायजची जागा सांगितली आहे.

चुकायचंच तर या बाजूनं

ट्रायजमध्ये चूक होणार हे धरूनच चालतात. अमेरिकन सर्जनांच्या संघटनेचं अपघातग्रस्तांसाठीचं माप असं: गंभीर माणूस किरकोळ समजला जाण्याची चूक ५ टक्क्यांच्या आत हवी. किरकोळ माणूस गंभीर धरला जाण्याची चूक मात्र २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत चालते. सिस्टर उगाच घाबरते असं वाटलं तर हे माप आठवा.

गोळीबारातलं ट्रायज

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले. स्टाफ नर्स अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना लहानशा पँट्रीत लपवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. बाकीच्या थांबू शकत होत्या, ती नाही. तिला घेऊन त्या बाहेर पडल्या आणि प्रसूतिकक्षात पोचवलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला त्या रात्रीची हकीकत सांगितली.

“आज शांत आहे” म्हणायचं नाही!

जगभरच्या कॅज्युअल्टीत ‘शांत’ हा शब्द निषिद्ध. म्हटलं की पाच मिनिटांत गाड्यांची रांग लागते म्हणे. ब्रिटनमधल्या एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव विभागानं चिठ्ठ्या टाकून काही दिवस मुद्दाम म्हणून बघितलं, काही दिवस टाळलं. काम वाढलं नाही. निकाल २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात आला. तरी नाइट ड्यूटीवर कोणी म्हणून बघणार नाही, ही पैज!

पोलीस येईपर्यंत थांबायचं का?

नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवून टाकलं: आधी जीव, कागद नंतर. जखमीला आणून सोडणाऱ्या भल्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलमही आलं. आणि १०८ ला फोन केला तर ट्रायज रस्त्यातच सुरू होतं. राज्यात २६ जानेवारी २०१४ ला ही सेवा ९३७ गाड्यांसह सुरू झाली, तीही गाडीत डॉक्टर देऊन.

तुमच्या हातातलं एक मिनिट

टेबलाजवळ पोचल्यावर पहिल्या दमात एवढं सांगा: काय होतंय, कधीपासून, आधीचे आजार आणि चालू गोळ्या, कोणत्या औषधाची अॅलर्जी. बाई गरोदर असेल तर महिना किती, आणि डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढं अंधारी येते का, अंगावरून रक्त जातंय का. गोळ्यांची पिशवी तशीच उचलून आणली तर फारच उत्तम. गावातल्या भांडणाची कथा नंतर सांगितली तरी चालते.

आणि सिस्टरनं बाकड्यावर बसवलं तर समजा, तुमच्या पेशंटचा रंग निदान लाल नाही. पण तो रंग कायमचा नसतो. बसल्या बसल्या धाप वाढली, घाम फुटला, बोलणं बदललं किंवा झोप आवरेना, तर लगेच उठून जाऊन सांगा. सिस्टरच्या पुढ्यात वीस पेशंट असतात, तुमच्या शेजारी एकच.